जुनी पिकअप थरथरते? पार्ट बदलायच्या आधी हे बघा

आंब्याच्या पेट्या भरून रत्नागिरीतून निघालो की हातखंब्यापर्यंत गाडी गप चालायची आणि हायवेला लागून काटा ७० च्या वर गेला की सीटखालून बारीक थरथर सुरू, असे मी दोन सीझन काढले. त्यात पुढचे दोन टायर नवे टाकले, बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट दोनदा केली, थरथर तिथल्या तिथे. शेवटी निघाला प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या गाडीखालच्या लांब दांड्याचा क्रॉस, म्हणजे त्याचा वळता सांधा. म्हणून कळकळीने सांगतो, खर्चाला हात घालायच्या आधी गाडी नेमकी कधी हलते ते बघा.

उभ्या गाडीत आयडलला हलत असेल तर चाकांचा काही संबंध नाही. इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरावर टेकतं ते, दबलंय नाहीतर डिझेल फवारणारा एखादा इंजेक्टर नीट काम करत नाहीये. टॉर्च मारून फाउंडेशनचं रबर बघा, ऑइल गळून गळून ते मऊ पडतं आणि फाटतं.

चालताना हलत असेल तर सपाट मोकळा रस्ता बघा, मागे कोणी नको, थरथर येते त्या स्पीडला गाडी न्या आणि क्लच दाबून न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवायचं. तरी थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं, दोष चाकात, बेअरिंगमध्ये नाहीतर शाफ्टमध्ये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्या काढल्या थांबली तर फाउंडेशन किंवा क्रॉस, कारण ते जोर पडला की बोलतात. पण हे कशेडीत किंवा परशुराम घाटात करू नका हो, उतारावर न्यूट्रल केलं की इंजिनचा धर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

स्टेअरिंग हातात नाचत असेल तर आधी पुढची चाकं, सीट आणि हौदा थरथरत असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट. यातला फरक अंगाला कळतो. ८० च्या स्पीडला चाक सेकंदाला साधारण १० वेळा फिरतं आणि शाफ्ट त्याच्या जवळपास चौपट, म्हणून चाकाचा हादरा जाड असतो, धबधब असा, आणि शाफ्टची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी. ब्रेक दाबल्यावरच हलत असेल तर डिस्क किंवा ड्रम वाकडा झालाय, लेथवर दाखवा.

चाकांचं म्हणाल तर पावसाळ्यानंतर आधी रिम धुवा, आतल्या बाजूने. आपली तांबडी माती तिथे थापून वाळते, बाहेरून दिसत नाही, आणि मूठभर मातीने बॅलन्सिंग बिघडतं. मग टायरवरून तळहात फिरवा, कुठे फुगवटा लागला तर तो टायर काढूनच टाका, तो फुटतो. चाक जॅकवर घेऊन वरखाली धरून हलवा, प्ले म्हणजे ढिलेपणा लागला तर बहुतेक बेअरिंग, आडवं हलवून लागला तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, तोही बघा. बाकीच्या चाकांना दगड लावा आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका.

आता शाफ्ट, जो कोणी बघतच नाही. सपाट जागेवर गाडी बंद करून, चारी चाकांना दगड लावून, न्यूट्रलला ठेवून खाली जा आणि प्रत्येक क्रॉसजवळ शाफ्ट धरून वरखाली ढकला, पिळा. क्रॉसला जरासुद्धा प्ले चालत नाही. क्रॉसच्या चार टोकांवर बेअरिंगचे कप असतात, त्या कपाभोवती तांबडी भुकटी दिसली तर तो गेलाच समजा, आणि फर्स्टला टाकून क्लच सोडताना टक्क आवाज येत असेल तरी तोच संशय. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधे शाफ्टला आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा. माझ्या गाडीचा कप ठोकून बाहेर काढला तेव्हा आत बेअरिंगच्या सुया उरल्याच नव्हत्या, मिरचीपुडीसारखी कोरडी पूड होती आणि क्रॉसच्या टोकावर उमटलेल्या खाचा नखाला लागत होत्या. आंबा नसला की मी मिरकरवाड्यातून मासळी न्यायचो, बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून बरोबर शाफ्टवर पडायचं आणि मी ग्रीस मारायला कंटाळा करायचो. मासळी वाहत असाल तर ग्रीस मारताना चारी कपांतून जुनं बाहेर येईपर्यंत मारा.

अजून एक, चिरे भरायला म्हणून मागे स्प्रिंगचा पाटा वाढवला असेल आणि त्यानंतरच थरथर आली असेल, तीही रिकाम्या गाडीत जास्त, तर क्रॉस नवा टाकूनही फरक पडणार नाही, गाडी मागून उचलल्यामुळे शाफ्टचा कोन बिघडलाय. तो पाटा काढून चालवून बघा.

आणि शाफ्ट उतरवायच्या आधी त्याच्या दोन्ही टोकांवर आणि मधल्या जोडावर छिन्नीने नाहीतर पेंटने खूण करून घ्या, मेकॅनिक करत नसेल तर तुम्ही करा, कारण जोड एक दात जरी फिरवून बसला तर नव्या क्रॉसवरही गाडी थरथरते आणि मग परत सगळं खोलावं लागतं.