मोठा सुरा घेताना आधी मुठीच्या आत बघा

दिवाळी जवळ आली की ओळखीतले दोन-चार जण तरी विचारतातच, भाऊ जंगलात न्यायला मोठा चाकू कोणता घेऊ. कोणी अस्तंब्याच्या यात्रेला जाणारं असतं, कोणी तोरणमाळला टेंट टाकणारं, आणि आता काही पोरांना नुसते जमवायचा नाद लागलाय. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. इथे बोलतोय ते न मिटणाऱ्या चाकूबद्दल, म्हणजे फिक्स्ड ब्लेड, आणि त्यातही मोठा, पातं सहा इंचाच्या वरचं.

सगळ्यात पहिली गोष्ट, पात्याची लांबी आणि रुबाब नंतर बघा, आधी मुठीच्या आत काय आहे ते बघा. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका जत्रेतून एक सुरा घेतला होता, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र, मूठ पोकळ आणि आत काड्या ठेवायला जागा. पहिल्याच थंडीत सातपुड्याच्या पायथ्याशी बाभळीचा मनगटाएवढा तुकडा फोडायला घेतला, पात्याच्या पाठीवर तिसरा ठोका बसला आणि पातं मुठीतून सुटून गुडघ्याला घासून गेलं. नंतर टॉर्च लावून बघितलं तर आत करंगळीपेक्षा बारीक एक बोल्ट होता, पात्याला मागून वेल्डिंगने चिकटवलेला, आणि वेल्डिंगच्या अर्ध्या भागावर तांबूस गंज, म्हणजे तडा आधीपासूनच होता, फक्त मुठीने तो झाकला होता. तेव्हापासून पोकळ मुठीचा सुरा मी कोणालाच घेऊ देत नाही.

पात्याचं जे लोखंड मुठीत जातं त्याला टँग म्हणतात. फुल टँग म्हणजे ते मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीचं, दोन बाजूंनी लाकडाच्या किंवा मायकार्टाच्या (राळेत दाबून कडक केलेलं कापड) पट्ट्या बसवलेल्या, कडेने बघितलं की मधे लोखंडाची रेघ शेवटपर्यंत दिसते. लाकूड फोडायचं असेल तर डोळे झाकून हाच घ्या. पण मुठीत लपलेली टँग म्हणजे खराब असंही नाही हं, अमेरिकन मरीन कोअरने १९४२ ला जो ७ इंची चाकू घेतला, ज्याला आज सगळे के-बार म्हणतात, त्याची टँग बारीकच आहे, तिच्यावर चामड्याच्या चकत्या ओवून घट्ट दाबलेल्या असतात आणि मागे लोखंडी टोपी. फरक एवढाच की ती टँग पात्याच्याच अखंड लोखंडातून काढलेली असते आणि मुठीच्या टोकापर्यंत जाते. दुकानदाराला सरळ विचारा टँग कुठपर्यंत आहे, वेल्डिंग आहे का. तो विषय बदलायला लागला तर उठा तिथून.

दुसरी गोष्ट पाणी. आपल्याकडे लोहार म्हणतात ना पात्याला पाणी दिलं, तेच. लोखंड लाल करून झटक्यात थंड केलं की ते कडक होतं, पण नुसतं कडक म्हणजे काचेसारखं, म्हणून परत थोडं तापवून उतरवावं लागतं. आमच्या आठवडी बाजारात एक म्हातारे आप्पा ट्रकच्या पाट्यापासून विळे-कोयते करतात. एकदा तासभर त्यांच्या भट्टीजवळ बसलो होतो. पातं कडक करून झालं की ते एक बाजू विटेवर घासून चकचकीत करतात, मग निखाऱ्यावर पाठीकडून हळूहळू तापवतात आणि त्या चकचकीत पट्ट्यावर नजर ठेवतात. आधी फिकट पिवळा रंग चढतो, मग दाट पिवळा, मग तपकिरी, आणि तो रंग पाठीकडून धारेकडे सरकत येतो, धारेवर पिवळा पोचला की लगेच बाहेर. पाठ तोवर निळसर झालेली असते, म्हणजे पाठ चिवट, धार कडक. मी विचारलं आप्पा अंदाज चुकला तर? म्हणाले, "पाणी जास्त व्हयनं ते फुटस, कमी व्हयनं ते वाकस." स्टीलवर पानंच्या पानं लिहिली तरी सांगायचं एवढंच असतं.

म्हणून स्टीलच्या नावाने वेडे होऊ नका. मोठ्या सुऱ्याला चिवटपणा लागतो, म्हणून त्यात १०९५ (कार्बन साधारण ०.९५ टक्के), १०७५ किंवा ५१६० ही स्टील जास्त चालतात, पहिली दोन साधी कार्बन स्टील, ५१६० मधे थोडं क्रोमियमही असतं आणि ते तर स्प्रिंगचंच स्टील आहे. कडकपणा एचआरसी मध्ये (रॉकवेल नावाचं कडकपणाचं माप) सांगतात, मोठ्या सुऱ्याला ५५ ते ५८ पुरे. साठच्या वर असेल तर धार टिकते खरी पण गाठीवर आपटला की धारेचे टवके उडायची भीती. डी२ मधे क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, धार खूप दिवस राहते, पण घाव घालायच्या मोठ्या पात्याला मी तरी घेणार नाही, भाजी-मांस कापायच्या छोट्याला ठीक. आणि नुसतं "४४० स्टेनलेस" लिहिलेलं असेल तर पुढचं अक्षर विचारा, ए आणि सी मधे कार्बनचा बराच फरक आहे. नुसतं "सर्जिकल स्टील" लिहिलेलं तर सोडूनच द्या, त्यावरून काहीच कळत नाही.

घरच्या घरी तपासायचं असेल तर जुनी कानस घ्या आणि धारेजवळ, दिसणार नाही अशा जागी, हलकीच फिरवा. नीट कडक झालेलं पातं असेल तर कानस घसरते, चावत नाही. चावून भुगा काढायला लागली तर पातं मऊ आहे. मग सुरा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरल्यासारखं पाठीवरून टोकाकडे बघा, पातं वाकडं असेल तर लगेच कळतं. पाठीच्या कडा गोल केल्यात की काटकोनी तेही बघा, चकमकीच्या सळईवर ठिणग्या पाडायच्या तर कड काटकोनी लागते.

स्टेनलेस की कार्बन, तर खान्देशात आठ महिने हवा कोरडी असते त्यामुळे कार्बन त्रास देत नाही, जून ते सप्टेंबर मात्र रोज लक्ष द्यावं लागतं. केळीच्या बागेत वापरणार असाल तर चिकाने पातं काळं पडणार, कैरी कापली तरी पडणार, त्याला घाबरू नका, तो काळसर थर उलट गंज थोडा लांब ठेवतो. लालसर ठिपका दिसला तर तो गंज, तो लगेच पुसायचा.

आता लांबी. माझं मत ठाम आहे, ७ इंच. पाठ ५ मिमीच्या आसपास, वजन ४०० ते ५०० ग्रॅम. यात मनगटाएवढं लाकूड फुटतं, बांबू कापला जातो आणि कांदाही चिरता येतो. दहा इंची घेतला तर चार घावांत हात भरून येतो आणि बारीक काम काहीच होत नाही, एवढं तोडायचंच असेल तर घरचा कोयता काय वाईट आहे? शिवाय कायदा आहे. शस्त्र नियमांप्रमाणे ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू, खुकरी वगैरे शस्त्रात धरतात, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले सोडून. ऑनलाइन घेताना हे दोन्ही आकडे बघा, लांबी सगळे बघतात आणि रुंदी विसरतात. लहान असला म्हणून कमरेला लावून गावात फिरायचं असंही नाही, सणासुदीला आणि निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. प्रवासात सुरा म्यानात, म्यान कपड्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी. आणि यावल काय, गौताळा काय, अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, तिथे सुरा घरीच ठेवा आणि स्वयंपाकाला काय न्यायचं ते वनखात्याच्या गेटवर आधी विचारून घ्या.

धारेचा कोन प्रत्येक बाजूने २० ते २५ अंश असू द्या, वस्तऱ्यासारखी पातळ धार लाकडावर टिकत नाही. मूठ घामाच्या हाताने धरून बघा, खरंच, हात ओला करून दुकानात धरा. मे महिन्यात ४५ डिग्रीला गुळगुळीत पॉलिश केलेली मूठ साबणासारखी निसटते. रबरासारखी किंवा खरबरीत मायकार्टा चांगली, लाकूड घेतलं तर शिसम छान, बाभूळही चालते.

जमवणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो कारण तिथे हिशोब उलटा आहे. वापरायचा सुरा कितीही घासा, संग्रहातल्याला दगड लावू नका, पॉलिश करू नका, जुना रंग गेला की किंमतही गेली. सुरुवात एका घराण्यापासून करा. बोवी घ्या, हा मोठा अमेरिकन सुरा, हे नाव जेम्स बोवी या माणसावरून पडलं, १८२७ च्या मारामारीनंतर तो सुऱ्यासाठी प्रसिद्ध झाला आणि १८३६ ला टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मेला. किंवा खुकरी घ्या, नेपाळात धरान आणि भोजपूरच्या खुकऱ्या नावाजलेल्या, पारंपरिक खुकरीच्या म्यानात मागे कर्द हा छोटा चाकू आणि चकमक ही धार लावायची बोथट पट्टी असते, ती दोन्ही आहेत का बघा. बक या अमेरिकन कंपनीच्या चाकूंवर १९८६ पासून वर्षाची खूण असते, त्यामुळे कोणत्या सालचा ते कळतं, नवख्याला हे सोपं पडतं. खोका, कागद, म्यान, सगळं जपून ठेवा. दमास्कस, म्हणजे थरांवर थर जोडून केलेलं स्टील, म्हणून नागमोडी नक्षी दाखवली तर पात्याची पाठ बघा, नक्षी पाठीवरूनही आरपार गेलेली असेल तर थर खरे, बाजूंवरच असेल तर नुसती छापलेली. आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू हातात आली तर ती देशाबाहेर विकायला बंदी आहे हे लक्षात असू द्या.

राहिलं म्यान. सुरा म्यानात घालून उलटा करा आणि जोरात हलवा, पडला नाही पाहिजे. काढताना अंगठा धारेच्या बाजूने जातो का तेही बघा, बटणाचा पट्टा चुकीच्या जागी असेल तर दर वेळी पट्टाही कापला जातो आणि एक दिवस अंगठाही. चामड्याचं म्यान दिसायला भारी पण पावसाळ्यात ओल धरतं, त्यात सुरा तसाच ठेवला की आठ दिवसांत पात्यावर ठिपके येतात. घरी आल्यावर पुसायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून म्यानाच्या बाहेर ठेवायचा, लहान पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. आमच्या घरी तो गव्हाच्या कोठीच्या वर असतो, आणि दर अमावस्येला तेल लावायचं ठरवून टाकलंय म्हणजे विसर पडत नाही.