गरोदरपणात फुप्फुसाचा कर्करोग आढळल्यास उपचारांची दिशा कशी ठरवावी

गरोदरपणात थोडीफार धाप लागतेच, आणि म्हणूनच फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान या काळात हमखास लांबते. खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीतून रक्त पडले किंवा बसल्या जागीही दम लागू लागला, तर ‘बाळंतपणानंतर पाहू’ म्हणून थांबू नये. आपण कधी धूम्रपान केले नाही, या भरवशावरही राहू नये. तरुण वयात हा रोग धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही आढळतो.

तपासणीची भीती बहुधा अवाजवी असते. छातीच्या एक्स-रेमधून गर्भापर्यंत ०.०१ मिलीग्रेहूनही (मिलीग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) कमी किरणे पोहोचतात, छातीच्या सीटी स्कॅनमध्येही साधारणपणे १ मिलीग्रेच्या आतच. गर्भाला इजा होण्याचा धोका ५० मिलीग्रेच्या खाली वाढलेला दिसत नाही. मेंदूचा एमआरआय गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट दिसावे म्हणून टोचले जाणारे द्रव्य) न देता करता येतो. गाठीचा तुकडा काढताना ईजीएफआर, एएलके आणि आरओएस१ या जनुकांमधील बदलांची चाचणी त्याच वेळी करून घ्यावी, कारण पुढचे औषध त्यावर ठरते.

यानंतर सर्वाधिक महत्त्व गर्भाच्या वयाला येते. पहिल्या तिमाहीत अवयव घडत असल्यामुळे केमोथेरपी टाळतात. सुमारे १४ आठवड्यांनंतर कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे देता येतात. मात्र ३५ आठवड्यांनंतर नवी फेरी सुरू करू नये, कारण शेवटची फेरी आणि प्रसूती यांत तीन आठवडे गेले, तरच आई व बाळ दोघांच्याही रक्तपेशी सावरतात. इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणारे उपचार) आणि बेव्हॅसिझुमॅब (गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारे औषध) या काळात टाळावे. जनुकीय बदलांवरील गोळ्यांचा गरोदरपणातील अनुभव अगदी मोजक्या रुग्णांपुरता आहे, म्हणून शक्य असल्यास त्या प्रसूतीनंतर सुरू कराव्यात. रोग पसरलेला असून गर्भ अगदी लहान असेल, तर गर्भधारणा पुढे न्यावी की नाही, हा निर्णय पूर्ण माहितीनिशी त्या स्त्रीनेच घ्यावा. नातेवाइकांनी तो तिच्यावर लादू नये, असे मला मनापासून वाटते.

कर्करोग आणि गरोदरपण या दोहोंमुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. एका पायाला अचानक सूज आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आईची प्रकृती साथ देत असल्यास ३७ आठवडे पूर्ण होईपर्यंत प्रसूती घडवून आणू नये. प्रसूतीनंतर वार पॅथॉलॉजी तपासणीसाठी पाठवण्यास आधीच सांगून ठेवावे, कारण हा रोग क्वचित तिथवर पोहोचतो, आणि वारेत कर्करोगाच्या पेशी आढळल्या तर बाळावरही लक्ष ठेवावे लागते. केमोथेरपी किंवा जनुकीय बदलांवरील गोळ्या चालू असताना अंगावर पाजू नये.