सांगली-साताऱ्यातून फार्मासिस्ट होताना: शिक्षण, नोंदणी आणि पगार

मेडिकल दुकानाच्या काउंटरमागे कोणीही उभे राहून औषधे द्यावीत, असा समज आपल्याकडे अजून आहे; कायदा मात्र तसे मानत नाही. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे, म्हणून या व्यवसायातील नोकरी असो वा स्वतःचे दुकान, सारे काही त्या नोंदणीवर उभे असते.

बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासोबत जीवशास्त्र किंवा गणित घेतलेल्यांना हा मार्ग खुला आहे. डी.फार्म. ही दोन वर्षांची पदविका असून तिला प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. चार वर्षांच्या बी.फार्म. पदवीसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदविकेनंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असल्यास आधी डी.फार्म. करून कमावते होणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

कराडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, सांगलीचे आप्पासाहेब बिरनाळे, कासेगावचे राजारामबापू असे पर्याय जवळच आहेत. महाविद्यालय कोणतेही निवडा, पण आपल्या अभ्यासक्रमाला आणि आपल्या प्रवेशाच्या वर्षासाठी भारतीय फार्मसी परिषदेची मान्यता आहे की नाही, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहिल्याशिवाय फी भरू नका. मान्यता नसेल तर गुणपत्रिका हाती येऊनही महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि तेव्हा गेलेली वर्षे कोणी परत देत नाही. पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी 2022 च्या नियमांत एक्झिट परीक्षेचीही, म्हणजे नोंदणीआधी द्यायच्या परीक्षेची, तरतूद आहे; तिची सद्यःस्थिती प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावी.

डी.फार्म.नंतरचे 500 तासांचे प्रशिक्षण केवळ सही-शिक्क्यापुरते उरकू नये. इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात कसे सांभाळतात, एकाच गोळीच्या 250 आणि 500 मिलिग्रॅमच्या स्ट्रिप शेजारी ठेवल्या की चूक कशी होते, शेड्यूल एच-1 मधील, म्हणजे काही प्रतिजैविके व सवय लावणारी औषधे असलेल्या कडक यादीतील, औषध देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत कशी लिहितात व ती वही तीन वर्षे का जपतात, हे गर्दीच्या दुकानातच अंगवळणी पडते. मिरजेसारख्या रुग्णालयांच्या गावात अशी संधी सहज मिळते.

पगाराबाबत स्पष्ट बोललेले बरे. तालुक्याच्या गावातील खासगी दुकानात नवख्याला बहुधा दहा-पंधरा हजारांच्या घरात पगार मिळतो, आणि जबाबदारीच्या मानाने तो कमी आहे. याउलट जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकाऱ्याची वेतनश्रेणी 29,200 ते 92,300 रुपये असून त्यावर भत्ते वेगळे मिळतात. मात्र जागा थोड्या निघतात, त्यामुळे नोकरी करतानाच स्पर्धा परीक्षेची तयारी ठेवावी. पदवीधरांना औषध निरीक्षक पदाचाही मार्ग खुला असतो.

खासगी पगार कमी राहण्यामागे आपल्याच लोकांची एक सवय आहे: घरबसल्या महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात भिंतीवर टांगायला देणे. नुसता कागद स्वस्तात मिळत असेल, तर मालक प्रत्यक्ष हजर राहणाऱ्याला चांगला पगार का देईल? शिवाय तपासणीत अनुपस्थिती आढळल्यास दुकानाचा परवाना आणि तुमची नोंदणी दोन्ही अडचणीत येतात, आणि चुकीच्या औषधाने रुग्णाला इजा झाली, तर जाब तुम्हालाच द्यावा लागतो. ओळखीच्या, अगदी नात्यातल्या माणसालाही यासाठी नाही म्हणावे.

स्वतःचे दुकान काढायचे असेल, तर किरकोळ विक्रीचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो आणि जागा किमान 10 चौरस मीटर असावी लागते. किंमत-नियंत्रणाखालील औषधांची कमाल किंमत ठरवताना विक्रेत्याचा नफा 16 टक्केच धरलेला असतो. म्हणून मोठ्या रुग्णालयासमोरच्या गाळ्याची अनामत देण्याआधी त्याचे भाडे, वीजबिल आणि मदतनिसाचा पगार या नफ्यातून निघतो का, याचा हिशेब कागदावर मांडावा.