कॅरम खेळताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात भर दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. जेवणं उरकली की आमच्या गल्लीत कॅरम निघतो, आणि त्याच्यामागोमाग भांडणंही. दरवर्षी तीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नियम न ठरवता ब्रेक करणं, म्हणजे पहिला फटका मारणं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बारा वर्षांच्या पोरीनं एका फटक्यात राणी आणि स्वतःची काळी सोंगटी, दोन्ही घेतल्या. राणी घेतली की स्वतःची एक सोंगटी घेऊन ती पक्की करावी लागते, त्याला कव्हर म्हणतात. इतका देखणा कट मी कमी पाहिलाय. टाळी वाजवायची सोडून समोरचे काका म्हणाले, "कव्हर वेगळं लागतं." तिचा भिडू उसळला, "कसं काय बे? सोबत गेली की झालं कव्हर!" स्पर्धेच्या नियमाप्रमाणे भिडूचंच बरोबर होतं. पण पंधरा मिनिटं मोठी माणसं ओरडत राहिली, त्यात मीही. तिला कुणी विचारलंच नाही. पांढऱ्या झालेल्या बोटांत स्ट्रायकर धरून ती बसून होती. मग तो अलगद बोर्डाच्या कडेवर ठेवून उठली. पूर्ण सुट्टीत परत आली नाही. मला ते अजून खुपतं.

तेव्हापासून मी ब्रेकआधी तीन गोष्टी मोठ्यानं विचारतो: कव्हर कसं धरायचं, फाऊलला किती सोंगट्या परत, राणीचे गुण किती. घरोघरी राणीचे पाच धरतात. स्पर्धेत तीनच, तेही आपले गुण 21 पर्यंत असतील तरच, आणि गेम 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, म्हणजे आठ डावांचा. आम्ही काहीही ठरवलं तरी चिठ्ठीवर लिहून बोर्डाच्या पाठीला चिकटवतो.

दुसरी चूक, भिडूला झापणं. "अरे, ती सोपी होती की!" हे ऐकून आजवर कुणाचा नेम सुधारलेला नाही. उलट पुढच्या फटक्याला हात थरथरतो. स्पर्धेत डबल्स खेळताना भिडूला सांगता-खुणावता येत नाही, ते बरंच आहे. आमच्याकडेही बोर्ड संपेपर्यंत सल्ला बंद.

लहान पोरांसाठी मुद्दाम चुकवू नका. त्यांना लगेच कळतं आणि लागतं. त्यापेक्षा सुरुवातीलाच त्यांच्या दोन सोंगट्या कमी करा आणि मग मनापासून खेळा.

जड स्ट्रायकर आणून चार दिवसांत जिंकू पाहणाऱ्या नवशिक्यांचा मला राग येतो. मर्यादा 15 ग्रॅमची आहे. त्याहून जड स्ट्रायकरनं सोंगट्यांचे टवके उडतात, नेम येत नाही. आधी महिनाभर सरळ फटका घोटा.

पावडर चिमूटभरच टाका. स्ट्रायकर ढकलू नका, टिचकी मारा. दुसरा नेम धरत असताना बोर्डाला हात टेकू नका.

आणि हरलेल्याला सोंगट्या गोळा करायला लावू नका. आमच्याकडे जिंकलेला रचतो, ब्रेक हरलेल्याचा.