ओव्हनमधला अंडा-खिमा

हा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. कापल्यावर ताटात पाणी उतरलं, तर अंडी घालण्याआधी खिमा आणि भाज्या कोरड्या झाल्या नव्हत्या असं समजा.

सहा जणांसाठी 8 इंची, दोन इंच खोल चौकोनी टीन घ्या. 8 अंडी, 300 ग्रॅम मटण खिमा, दोन कांदे, एक ढब्बू मिरची, एक मोठा बटाटा, पालकाची छोटी जुडी, 150 मिली दूध. खाटकाकडून खिमा मशीनमधून एकदाच काढून घ्या. दोनदा काढला की लगदा होतो.

कांदा तेलात लाल करून आलं-लसूण, हळद, खिमा आणि पाऊण चमचा मीठ घाला. झाकण ठेवून 20-25 मिनिटं शिजवा, मग झाकण काढून परता. कढईच्या तळाशी पाणी संपून नुसतं तेल चरचरू लागलं, आवाज बदलला, की झाला. तिखटाला संकेश्वरी मिरचीची पूड अर्धा चमचाच, ती झणझणीत असते. रंगासाठी ब्याडगी एक चमचा. ढब्बू मिरची वेगळी परता. पालक वाफवून मुठीत घट्ट पिळा. टोमॅटो नकोच. चोर्ला घाटापलीकडची गोव्याची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, मिळाली तर खिम्याऐवजी 200 ग्रॅम वापरा. साल काढा, तेल घालू नका आणि मीठ निम्मं करा.

टीनला तूप लावून अर्धवट उकडलेल्या बटाट्याच्या पातळ चकत्या तळाशी पसरा, वर खिमा-भाज्या. सारण कोमट झाल्यावरच अंडी ओता, गरमावर ओतली तर ती तिथंच गोळा होतात. अंडी, दूध, अर्धा चमचा मीठ काट्याने हलकेच फेटा. फेस झाला तर पदार्थ फुगतो आणि बाहेर काढताच बसतो.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 160 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. आच वाढवायचा मोह आवरा: जास्त तापलं की अंडं आवळून पाणी सोडतं. टीन हलवल्यावर कडा घट्ट आणि मधोमध किंचित थरथर हवी. सुरी खुपसली तर कच्चं अंडं चिकटू नये. दहा मिनिटं निवू द्या, मगच कापा.

ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी, रबर काढा, तळाला मीठ पसरून वर जाळी ठेवा आणि दहा मिनिटं तापवा. टीन ठेवून मंद आचेवर 45 मिनिटं. वरचा भाग लाल होणार नाही, चव मात्र तीच. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर छान लागतो.