जहाजाचे एक्स्पायर फ्लेअर घरात निघाले तर काय करायचं

आमचे दाजी मर्चंट नेव्हीत होते. मागच्या दिवाळीत ताई माळ्यावरची भांडी काढायला चढली तर जुन्या सुटकेसमधून तीन नारंगी नळ्या निघाल्या, आणि भाच्यानं त्या डायरेक्ट फटाक्यांच्या पिशवीत टाकल्या, म्हणे मोठ्या फुलझड्या आहेत. पैठणपासून समुद्र कुठल्या कुठं, म्हणून इकडं कुणाला ह्या वस्तूची ओळखच नसते. जहाज अडचणीत आलं की मदतीला बोलवायला पेटवतात ते हे फ्लेअर.

पहिली गोष्ट, एक्स्पायर झालं म्हणजे ते मेलं असं नाही. साधारण तीन वर्षांची तारीख असते, त्यानंतर कंपनी फक्त हमी देत नाही. आतला मसाला तसाच असतो, उलट कधी उशिरा पेटेल, कधी बाजूनं फुटेल, सांगता येत नाही. हातात धरायचा फ्लेअर एक मिनिट जळतो, पॅराशूटवाला रॉकेट ३०० मीटर वर जाऊन ४० सेकंद जळत खाली येतो. आता एप्रिलात शेतात उडवून बघू म्हणणाऱ्यानं आधी शेजाऱ्याची कडब्याची गंजी कुठंय ते बघावं. आणि हा संकटाचा सिग्नल आहे, गंमत म्हणून किंवा वरातीत उडवायला आंतरराष्ट्रीय नियमानं पण मनाई आहे.

बादलीत भिजवून ठेवा असा सल्ला आम्हाला पण मिळाला. अहो, तो समुद्रासाठीच बनवलेलाय, पेटलेला हँड फ्लेअर १० सेकंद पाण्याखाली धरला तरी जळत राहिला पाहिजे अशी त्याची टेस्टच असते. सील असल्यानं पाणी आत जात नाही, आणि सील गेलेलं असलं तर आतली केमिकल पाण्यात उतरतात. म्हणून विहीर, नाथसागर, नाला काहीच नको. घंटागाडीत पण नको, तिथं कचरा दाबतात. भंगारवाल्याला तर अजिबात नको, तो गॅस कटर लावणार आणि त्याचा हात जाणार.

मग करायचं काय, तर टोपण उघडायचं नाही, दोरी ओढायची नाही, लेकरांना बाहेर काढायचं. नळी फुगलेली, चिरलेली, गंजलेली असंल किंवा पावडर सांडलेली दिसली तर हातच लावू नका, खोली बंद करून बाहेर या आणि ११२ ला फोन करा. चांगली दिसत असंल तर लेबलचा फोटो काढा, नाव आणि तारीख दिसली पाहिजे, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी, कोरड्या सावलीच्या जागी कुलपात ठेवा. गॅस, इन्व्हर्टर, देवघरातली समई ह्यांच्यापासून लांब. पत्र्याच्या खोलीत नको, मे महिन्यात आपल्याकडं पत्र्याखाली काय भट्टी होती ते माहितीच आहे.

नळी चांगली असली तरी फोन ११२ लाच करायचा, पण फोनवर बॉम्ब हा शब्द काढू नका, उगाच सगळी गल्ली गोळा होती. सरळ सांगा, "जहाजावरचे जुने सिग्नल फ्लेअर आहेत, एक्स्पायर, तीन नग, फुटलेले नाहीत, घेऊन जायला माणूस पाठवा." आम्हाला पलीकडून आधी "फ्लायर? कसलं पॉम्प्लेट?" असं विचारलं, दोनदा समजावलं, व्हाट्सअपवर फोटो पाठवला तेव्हा गाडी हलली. जिल्ह्यात पोलिसांचं बॉम्ब शोधक व नाशक पथक असतं, हे त्यांचं काम. स्वतः गाडीच्या डिक्कीत टाकून ठाण्यात नेऊ नका. मुंबईला चाललोच आहे तर तिकडं देतो असं म्हणून एसटीत, रेल्वेत, विमानात तर नाहीच नाही, स्फोटक माल सोबत नेणं हा गुन्हा आहे.

घरात कुणी जहाजावर असंल तर त्याला आत्ताच सांगा की आठवण म्हणून असलं काही आणू नको. आणि धरणावर बोट चालवणाऱ्यांनी नवीन फ्लेअर घेतानाच दुकानदाराला विचारायचं, जुने परत घेतो का, घेतो म्हणला तर बिलावर लिहून घ्यायचं.

एक अजून, नळ्या सापडल्या ती सुटकेस पूर्ण रिकामी करून बघा. पथक तीन नग घेऊन, सही घेऊन गेलं, आणि दुसऱ्या दिवशी ताईला दाजींच्या रेनकोटच्या घडीत चौथी सापडली. परत ११२.