व्हिटॅमिन सी घेताना या चुका टाळा

घरात कुणी दोनदा शिंकलं की औषधांच्या डब्यातून केशरी, आंबटगोड, चघळायची गोळी बाहेर येते. पहिली चूक हीच. सर्दी सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीने ती लवकर आटोपते, असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. बरं, रोज घेणाऱ्यांनाही सर्दी होतेच. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१३च्या कॉक्रन आढाव्यानुसार मोठ्यांमध्ये तिचा मुक्काम सुमारे ८ टक्क्यांनी आणि मुलांमध्ये १४ टक्क्यांनी घटतो. आठवड्याच्या सर्दीत मोठ्यांचा जेमतेम अर्धा दिवस, मुलांचा एक!

मग हे जीवनसत्त्व करतं काय? जंतूंवर तुटून पडणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ते रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त साठवून ठेवतात. जंतू मारायला त्या जी जहाल रसायनं तयार करतात, त्यांची झळ त्यांना स्वतःला कमी लागते ती यामुळे. त्वचेला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिनही याच्याशिवाय नीट बनत नाही. आपलं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही आणि फार दिवस साठवतही नाही, म्हणून ते रोज थोडं थोडं लागतं.

थोडं म्हणजे किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शिफारशीप्रमाणे पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम. एका मध्यम पेरूत याच्या दुप्पट सहज मिळतं. संत्र्याचं कौतुक जरा जास्तच होतं. एकदम १००० मिलिग्रॅमहून मोठा डोस घेतला तर निम्म्याहून कमीच अंगी लागतो. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर जुलाब आणि पोटात मुरडा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठ्या डोसच्या वाटेला जाऊच नये.

बाकी नासधूस स्वयंपाकघरात होते. भाजी चिरून मग धुतली, की जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत. रंग हिरवागार राहावा म्हणून घातलेला चिमूटभर सोडाही ते मारतो. पोह्यांवर लिंबू पिळायचं ते बशीत वाढल्यावर, गॅसवरच्या कढईत नाही. त्या लिंबामुळे पोह्यांतलं लोहही चांगलं शोषलं जातं. पण सोबतच्या चहातलं टॅनिन त्यात खोडा घालतं. चहा तासाभराने घ्या. (कठीण आहे, मान्य.)

हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल किंवा जखमा लवकर भरत नसतील, तर मनाने गोळ्या वाढवू नका, तपासून घ्या. त्यामागे मधुमेहही असू शकतो.